ठेवीदाराला एकदा तरी थेट विचारा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सध्या राज्यभर सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा चालू आहेत. अहवालाची पुस्तिका हातात पडते, सूचक-अनुमोदक आधीच ठरलेले असतात, ‘ताळेबंद व नफातोटा पत्रक वाचून मंजूर करणे’ हा विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पाच मिनिटांत उरकतो आणि सभासद लाभांशाच्या आकड्याकडे वळतात. त्याच पुस्तिकेत शेवटी लेखापरीक्षकाचा अहवाल छापलेला असतो. तो कशाच्या आधारावर लिहिला, हे सहसा कोणी विचारत नाही. मी सहकार खात्याच्या नामतालिकेवरचा लेखापरीक्षक आहे. जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका) झाल्यापासून पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांचीच दप्तरे तपासत आलो, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे हिशेबाचे नियम नाहीत असे मुळीच नाही. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने १९७७ सालीच लेखा मानक मंडळ स्थापन केले. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारी ‘इंड एएस’ ही लेखा मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली. सत्यम या संगणक कंपनीतल्या हिशेब घोटाळ्याने हादरल्यावर, लेखापरीक्षकांच्याही कामाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेची तरतूद २०१३च्या कंपनी कायद्यात आली आणि २०१८ मध्ये एनएफआरए हे प्राधिकरण उभे राहिले. हे सगळे गरजेचेच होते. पण त्या प्राधिकरणाची नजर शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचते. आमच्या भागातल्या शेतकऱ्याचे उसाचे बिल, निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, फौजेतून आलेल्या जवानाचा फंड हा पैसा त्या कंपन्यांमध्ये नसतो. तो गावातल्या पतसंस्थेत असतो, कारण तिथे व्याज थोडे जास्त मिळते आणि संचालक ओळखीचे असतात. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. ज्या ठेवीदाराला काहीच आधार नाही, त्याच्या संस्थेची तपासणी सगळ्यात कडक हवी. प्रत्यक्षात उलटे आहे.

मला यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. शिल्लक खरी की खोटी, हे ज्याची शिल्लक आहे त्यालाच लेखापरीक्षकाने परस्पर विचारायचे. लेखापरीक्षणाच्या मानकांत याला बाह्य पुष्टी म्हणतात आणि ५०५ क्रमांकाचे मानक त्यावरच आहे. त्याचा गाभा साधा आहे. पत्र लेखापरीक्षकाने पाठवायचे, उत्तर लेखापरीक्षकाच्याच पत्त्यावर यायचे. मधे संस्थेचा हात लागता कामा नये.

सत्यममध्ये नेमके इथेच बिनसले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच कबुलीचे पत्र दिले. पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे बँकेला विचारले की कळते. पुढे अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये लेखापरीक्षक कंपन्यांना दंड केला, तेव्हा ठपका हाच होता की बँकांकडून पुष्टी मिळवण्याच्या प्रक्रियेवर त्यांनी स्वतःचे नियंत्रण ठेवले नाही.

दहा वर्षांनी पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली. एकाच बांधकाम समूहाकडे साडेसहा हजार कोटींच्या वर कर्ज अडकलेले होते आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली, अशी तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. त्यात लेखापरीक्षकांनाही अटक झाली. या एकवीस हजारांतल्या पन्नास कर्जदारांना कोणी साधे पोस्टकार्ड टाकले असते, तरी ‘अशी व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन ती परत आली असती. बँक अखेर जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांचे पैसे पुढची अनेक वर्षे हप्त्याहप्त्यानेच मिळायचे आहेत.

आता पतसंस्थेत हे काम कसे चालते ते सांगतो. तपासणीला गेलो की टेबलावर ‘शिल्लक पुष्टी पत्रां’चा गठ्ठा तयार असतो. खाते क्रमांक, रक्कम, खाली सभासदाची सही. गठ्ठा उलटत गेले की काही सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या दिसतात. ती पत्रे व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये तयार झाली, शिपायाने फिरवली की फिरवलीच नाहीत, हे लेखापरीक्षकाला कळायला मार्ग नसतो. फाइलला लावायला मात्र ती पुरतात.

सगळ्यात नाजूक जागा पिग्मीची. भाजीवाली, टपरीवाला, रिक्षावाला रोज पन्नास-शंभर रुपये एजंटाकडे देतात. बऱ्याच जणांचे पासबुक एजंटाच्याच पिशवीत असते, कारण खातेदाराला ते सांभाळायची कटकट नको असते. संस्थेच्या खतावणीत काय लिहिले आणि माणसाने दिले किती, याची गाठ फक्त त्या पासबुकात पडते. त्यामुळे मी एजंटाकडून पासबुके मागवत नाही, बाजाराच्या दिवशी खातेदाराच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहतो. “ताई, तुमच्या हिशेबानं किती झाले?” एवढाच प्रश्न. बहुतेक वेळा आकडा बरोबर जुळतो आणि ते बघून समाधान वाटते. एजंट प्रामाणिक असतात, तेही पोटासाठीच फिरत असतात. पण एका पतसंस्थेत तो जुळेना. मी तसे अहवालात लिहिले, आणि पुढच्या सभेत लेखापरीक्षक नेमण्याच्या विषयात माझे नाव आले नाही. कायद्याने नेमणूक सर्वसाधारण सभा करते. नाव संचालक मंडळ सुचवते आणि सभा हात वर करते, हे सगळ्यांना माहीत आहे.

कर्जाच्या बाजूला ‘नवे-जुने’ हा शब्द गावोगाव ठाऊक आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकीत कर्ज नव्या कर्जाने भरायचे, रोख न हलवता कागदोपत्री जमा-नावे करणारे ट्रान्सफर व्हाउचर फाडायचे, की थकबाकीची यादी स्वच्छ आणि ऑडिट वर्ग ‘अ’. मग तो ‘अ’ कॅलेंडरवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर छापला जातो, ठेवीदार तो बघून पैसे ठेवतो. अशा कर्जदाराला लेखापरीक्षकाने थेट विचारले की तुम्ही मार्चमध्ये खरोखर रोख भरणा केला का, तर खरे काय ते दोन मिनिटांत समजते.

रोखीचेही तेच. ३१ मार्चला तिजोरी मोजण्यात फारसा अर्थ नाही, त्या दिवशी सगळे तयार असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड गायब असल्याची तक्रार झाली, तेव्हा पुस्तकात रोकड होती आणि तिजोरीत नव्हती. एखाद्या मंगळवारी न सांगता जाऊन नोटा मोजणे हे कुठल्याही मानकाच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

यावर हरकती आहेत आणि त्या मी मानतो. शुल्क इतके तुटपुंजे असते की दोन मदतनीस घेऊन गावोगाव फिरणे परवडत नाही. चार महिन्यांच्या मुदतीत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, काम संपवायचे असते. सभासदांचे पत्ते जुने, मोबाइल क्रमांक बदललेले. शिवाय क्रमांक संस्थेनेच द्यायचे म्हटल्यावर तेही बनावट असू शकतात. म्हणून सगळ्यांना विचारा असे मी म्हणत नाही. खतावणीतून लेखापरीक्षकाने स्वतः निवडलेली खाती, त्यांतल्या काही सभासदांना नोंदणीकृत टपाल, काहींना संदेश, आणि मोठ्या ठेवी व मोठी कर्जे यांच्या बाबतीत प्रत्यक्ष भेट. याचा खर्च संस्थेने शुल्काव्यतिरिक्त द्यावा आणि तो निबंधकामार्फत यावा. संस्थेच्याच हातून मिळणाऱ्या पैशावर कोणतीही तपासणी निर्भय होत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. अपहार आढळला तर विशेष अहवाल देण्याची आणि फौजदारी तक्रार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने लेखापरीक्षकावर टाकली आहे. ज्या अध्यक्षाच्या नावाने तालुका चालतो, त्याच्याविरुद्ध एकटा माणूस पोलीस ठाण्यात जाऊन तासन्‌तास बाकावर बसतो, हे मी माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. त्याच्या पाठीशी त्या वेळी सहकार खात्याचा अधिकारी उभा राहायला हवा, केवळ पत्रव्यवहार नको.

आपल्यासारख्या देशात भांडवल असेच गोळा होते, माणसांच्या रोजच्या कमाईतून, ओळखीवर आणि विश्वासावर. महाराष्ट्राचे साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका याच पैशावर उभ्या राहिल्या. मोठ्या कंपन्यांसाठी जगाच्या तोडीचे नियम करणाऱ्या देशाने या पैशासाठी एवढी एक तपासणी सक्तीची करावी, ही मागणी फार मोठी नाही. सहकार आयुक्तांनी परिपत्रक काढून, किती खात्यांची परस्पर पुष्टी मागवली, किती उत्तरे आली आणि किती जुळली नाहीत, हे तीन आकडे लेखापरीक्षण अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला लावावेत.

परिपत्रक निघेपर्यंत सभासदांनी थांबू नये. ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या संस्थेची सभा असेल. ताळेबंदाच्या विषयावर उठून हेच तीन आकडे लेखापरीक्षकाला विचारा, उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि नोंद करायला नकार मिळाला तर त्याच आठवड्यात सहायक निबंधकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आपला,
एक प्रमाणित लेखापरीक्षक, जि. सांगली