‘वाइल्ड’ आणि ‘विल्डरनेस’ एकत्र शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका आंतरशालेय इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला माझ्या शिकवणीतल्या आठवीच्या मुलाला घेऊन गेले होते. मराठी शाळेतला मुलगा, विषय नांदूर मध्यमेश्वरचं अभयारण्य. निफाड तालुक्यातलं हे आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्याने वडिलांबरोबर जाऊन पाहिलेलं, त्यामुळे बोलत होता मनापासून. मध्येच ‘वाइल्डरनेस’ म्हणाला. परीक्षकांनी तिथेच माइकवरून ‘विल्डरनेस!’ असं सुनावलं. सभागृह हसलं आणि पाठ असलेलं पुढचं सगळं तो विसरला. परतताना निमाणीच्या बसमध्ये त्याने वही काढली, त्या शब्दावर पेन्सिलने ‘विल’ लिहिलं आणि विचारलं, “बाई, मग वाइल्डला विल्ड का नाही म्हणत?”

उच्चार चुकला, हे खरं. पण शब्दातलं मूळ ओळखलं म्हणूनच तो चुकला. नुसती घोकंपट्टी करणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता.

मी त्याला विचारलं, “तू कुठे राहतोस?” म्हणाला, “नाशकात.” “नाशिकात का नाही?” तो थांबला. मग आम्ही विहीर–विहिरीत, फूल–फुलाला, गरीब–गरिबी असे शब्द काढत गेलो. शब्द लांबला की आतला स्वर आखडतो, हे त्याच्या जिभेला आधीच माहीत होतं.

इंग्रजीतही असंच काहीसं झालं आहे. सहाशे वर्षांपूर्वी तिथे ‘वील्ड’ आणि ‘चील्ड’ म्हणत. विल्डरनेस, चिल्ड्रन या लांब रूपांत मात्र ‘इ’ ऱ्हस्व होती. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले आणि त्या ‘ई’चा ‘आइ’ झाला. ऱ्हस्व ‘इ’ होती तिथेच राहिली. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला. पुढे स्पेलिंग छापात पक्कं होत गेलं, बोलणं बदलत राहिलं. डिव्हाइन–डिव्हिनिटीची जोडी याच घरातली. आणि चाइल्ड–चिल्ड्रन तर पहिलीतलं पोरही बरोबर म्हणतं! फळ्यावर त्याच्याच खाली वाइल्ड–विल्डरनेस लिहायला कितीसा वेळ लागतो?

काही जोड्यांत व्यंजनाचा खेळ असतो. ‘साइन’मधला मुका ‘ग’ ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. फोटोग्राफ–फटॉग्रफी हे प्रकरण जास्त अवघड, कारण तिथे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर जातो आणि आपल्या मराठी कानाला आघात पटकन ऐकूच येत नाही. अशा जोड्या मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणवून घ्याव्या लागतात. मी तेहतीस वर्षं तेच केलं.

इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की असे शब्द सुटे सुटे न देता कुटुंबासकट द्यावेत. स्पर्धा भरवणाऱ्यांनीही उच्चाराच्या दुरुस्त्या मुलाला भाषण संपल्यावर, बाजूला घेऊन सांगाव्यात. डिसेंबरात पुन्हा एक स्पर्धा आहे. त्याने अजून नाव दिलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक