जंत मेला, यकृताचे काय? विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञानमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

उपेक्षित रोगांवरचे एकही संशोधन पैशांअभावी थांबणार नाही, असे आपण भर सभेत म्हणालात, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. काल आमचा शिस्टोसोमियासिसवरचा, म्हणजे शिस्टोसोमा या परजीवी जंतामुळे होणाऱ्या रोगावरचा, प्रकल्प बंद केल्याचे पत्र आले. कारण एका ओळीचे: ‘या रोगावर औषध उपलब्ध आहे.’

हो, आहे. प्राझिक्वान्टेल 1970च्या दशकापासून आहे. शिस्टोसोमाचे प्रौढ जंत ते मारते, कोवळ्या जंतांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. पण यकृताची नासाडी करतात ती जंतांची अंडी. ती तिथे अडकतात, भोवती गाठी धरतात, कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचून यकृत कडक होते. मग पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या. जंत मेले तरी हे नुकसान मागे उरू शकते. 2021मध्ये 25 कोटींहून जास्त लोकांना या रोगावरच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती. त्यांना ती एक ओळ वाचून दाखवाल?

आमचे काम टॉरिनवर. अमिनो आम्लांच्या कुळातले हे गंधकयुक्त संयुग आपल्या शरीरातही बनते. संसर्ग झालेल्या उंदरांना ते दिल्यावर गाठी लहान राहिल्या, कोलॅजन कमी साचले, असे अभ्यास प्रसिद्ध आहेत. माणसात तसेच घडेल असे मी म्हणत नाही. तपासू द्या, एवढेच म्हणते. इतक्या जुन्या, स्वस्त रेणूत कोणती कंपनी पैसा घालणार? ते सरकारनेच करायचे असते ना?

हा जंत बाटलीत भरून ठेवता येत नाही, साहेब. गोगलगायीत महिनाभर, मग उंदरात 6-7 आठवडे, तेव्हा कुठे अंडी मिळतात आणि पुढच्या गोगलगायींना संसर्ग देता येतो. एक दुवा तुटला की साखळी संपली. फेलोशिप रखडली तेव्हा घरच्यांच्या पैशांवर जगून, सणावारी प्रयोगशाळेत थांबून मी ती टिकवली. आता नव्या पदांसाठी माझे वय उलटले आहे. ती वर्षे कोण परत देणार?

आणि हे माझ्या एकटीचे नाही. समित्यांना आर्थिक वर्ष संपायच्या आत निष्कर्ष हवेत. अहवालाला दिवसाचाही उशीर चालत नाही, अनुदानाला मात्र कितीही चालतो. गरिबांचा रोग म्हटला की फाइल तळाशी जाते.

निर्णय मागे घ्या. फेरविचाराला वेळ लागणार असेल, तर तोवर गोगलगायींच्या खोलीचा खर्च तरी थांबवू नका. आणि ती ओळ ज्यांनी लिहिली, त्यांची सहीची टिपणी मला पाहायला द्या.

आपली,
एक संशोधक