बीरला निघायच्या आधी हे वाच

प्रिय ओम,

पॅराग्लायडिंगसाठी हिमाचलमधल्या बीरचं बुकिंग केलंस हे तुझ्या बाबांकडून कळलं. मला आधी का नाही सांगितलंस ते समजतंय, पण मी अडवणार नाहीये रे तुला. मी स्वतः कामशेतला उडायला शिकलेय, पाऊस संपून ऑक्टोबर लागला की माझं लक्ष घरात नसतं हे तू लहानपणापासून बघतोयस, मग तुला कुठल्या तोंडाने नाही म्हणू. तुझा पी टू, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा कोर्स झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता.

हवेत जे मिळतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. संध्याकाळी कामशेतच्या टॉवर हिलवर वारा एकसारखा लागला की तासभर नुसतं डोंगराच्या कडेने तरंगत राहायचं, खाली पवना चमकत असतं, इंजिन नाही, आवाज फक्त दोऱ्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याचा. मार्च एप्रिलमध्ये खाचरात राब भाजत असले की धुराचा वास पार वर येतो, तो वास नाकात शिरला आणि व्हेरिओ, म्हणजे वर चढतोय हे सांगणारं यंत्र, वाजायला लागलं की समजायचं थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सापडला, शेजारी एखादी घार गोल फिरत असेल तर मग विचारायलाच नको. ब्रेकवरचा ताण हाताला जाणवतो आणि विंगला, म्हणजे वरच्या कापडी पंखाला, पुढे काय होणार हे डोक्याच्या आधी हाताला कळतं. हे तुला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

पण बीर म्हणजे कामशेत नाही. बीरच्या वर बिलिंगला असलेला टेकऑफ जवळपास २४०० मीटरवर आहे, मागे धौलाधार उभा, आणि दुपारी बारा ते तीन तिथले थर्मल आडदांड असतात. आपल्या डोक्यावर जे असतं ते नुसतं कापड आणि त्यात भरलेली हवा, खडबडीत हवेत अर्धी विंग एका क्षणात दुमडते. उंची असेल तर ईएन ए, म्हणजे नवशिक्यांसाठीचा सगळ्यात सुरक्षित वर्गातला ग्लायडर, बहुतेकदा आपणहून उघडतो, जमिनीजवळ मात्र त्याला वेळच मिळत नाही. म्हणून तो स्वस्तात मिळणारा सेकंडहँड ईएन सी, अनुभवी पायलटांसाठीचा ग्लायडर, घेऊ नकोस, मित्र काही म्हणू देत. पहिले काही दिवस सकाळी लवकर नाहीतर चारनंतरच उड, दुपारी टेकऑफवर बसून बाकीचे कसे उडतात ते बघ.

गर्दीचं पण बघ. प्रवाशाला सोबत घेऊन उडणारे टँडमवाले, बाहेरचे पायलट, सगळे एकाच हवेत असतात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे दोन ग्लायडर हवेत धडकून एक परदेशी पायलट गेला. थर्मलमध्ये आधी जो फिरतोय त्याच दिशेने फिरायचं, आणि डोंगर ज्याच्या उजव्या हाताला आहे त्याला वाट द्यायची.

ढग वाढायला लागले की लगेच खाली ये. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिलाला इव्हा विसनिएर्स्का नावाच्या जर्मन पायलटला वादळी ढगाने ९९४६ मीटरपर्यंत ओढून नेलं, ती वर बेशुद्ध पडली आणि नशिबाने जिवंत खाली आली, त्याच ढगात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. ती वर्ल्ड कपला खेळणारी होती रे, नवशिकी नव्हती.

वाऱ्याचं तर तुला माहितीच आहे, ग्लायडरचा वेग ताशी ३६ ते ३८ किलोमीटर, वर वारा ४० चा असेल तर तोंड पुढे आणि तू मागे, आणि मागे म्हणजे डोंगराच्या पाठीमागचा रोटर, म्हणजे घुसळणारी हवा. विंडसॉक फडफडतोय, इन्स्ट्रक्टर गप्प बसलाय, पण बाकीचे सगळे उडतायत म्हणून तू उडू नकोस. न उडता बॅग पाठीला लावून टॅक्सीने बीरला परत आलास तर मला त्याचा फोन आवर्जून कर, मला त्या फोनचं जास्त कौतुक वाटेल. हार्नेसचे लेग स्ट्रॅप, म्हणजे मांडीचे पट्टे, हाताने ओढून बघ, डोळ्याने बघून भागत नाही, टेकऑफवर कोणाशी गप्पा सुरू झाल्या की परत पहिल्यापासून चेक कर.

आणि ते हार्नेस ज्याच्याकडून घेतलंस त्याला विचार रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट, शेवटचं कधी पॅक केलंय. वर्ष उलटून गेलं असेल तर निघायच्या आधी रिपॅक करून घे, पैसे मी टाकते. माझं हेल्मेट नेऊ नको, तुला सैल होतं, नवीन घे.

तुझी आई