नंबर कमी आला म्हणून

चि. बाळ,

काल फोनवर म्हणालीस, आई, कॉम्प्युटरच्या हिशोबात माझं कंपाउंड सुपरॲसिड येतंय आणि एनएमआर मशीनवरच्या सिग्नलमधे साधंच दिसतंय, मग वर्षभर मी काय केलं? आणि फोन ठेवलास. मला झोप लागली नाही गे. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, पण तुझं काम त्याच्या फार पुढचं, म्हणून रात्री तू पाठवलेले पेपर परत काढून बसले.

लुईस ॲसिड म्हणजे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनची जोडी घेणारं, आणि त्याला सुपरॲसिड म्हणायचं कधी, तर गॅस फेजमधे फ्लुओराइड आयन धरून ठेवायची ताकद अँटिमनी पेंटाफ्लुओराइडच्या एका रेणूपेक्षा जास्त असली तर, म्हणजे साधारण 490-500 किलोज्यूल प्रति मोलच्या वर. तुझ्या कॉम्प्युटरनं काढला तो हा आकडा, आणि फ्लुओराइड केवढासा असतो, कुठंही शिरतो. तू एनएमआरला वापरलंस ते ट्रायइथिलफॉस्फिन ऑक्साइड, त्याच्या फॉस्फरसचा सिग्नल किती सरकला ते बघायचं, त्या मोजपट्टीवर हेक्झेनमधे 41.0 पीपीएम म्हणजे शून्य आणि अँटिमनी पेंटाक्लोराइडबरोबर 86.1 म्हणजे शंभर. पण हा सिग्नल ऑक्साइडचा ऑक्सिजन तुझ्या ॲसिडला चिकटल्यानंतर फॉस्फरसवर काय परिणाम झाला तेवढंच सांगतो. चिकटताना तुझ्या ॲसिडला सपाट अंग वाकवून जागा करावी लागते, त्यात जी एनर्जी जाते ती त्यात दिसतच नाही, वर तुझे ग्रुप एवढे दाटीवाटीचे! आपल्याकडं चुरमुरे मापट्यानं घेतले आणि तांदूळ वजनानं घेतले तर कोण जास्त म्हणून विचारतं का कोणी? दोन्ही आकडे खरे आहेत बाळ, दोन वेगळ्या प्रश्नांचे आहेत. हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनचा ऋण आयन, धरायच्या ताकदीसाठी तर तुलनेला ते पेंटाफ्लुओरोफेनिलवालं बोरेन धरतात, तोही हिशोब करून बघ.

एक मात्र तपास. ॲसिड आणि ऑक्साइड एकास एक घेतलंस का? बांधलेलं आणि सुटं यांची भराभर अदलाबदल होत असली तर सिग्नल मधेच कुठेतरी सरासरीवर येतो, म्हणून ॲसिड जास्त घालून परत लाव.

आणि पाणी. खानापूरच्या कॉलेजात मी नवीन होते, जुलैचा पाऊस, स्टोअरमधली निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली कुणीतरी बूच नीट न लावता ठेवलेली. उघडली तर पांढरा धूर, घशात आम्लाचा ठसका, आत नुसते चिकट गोळे, प्रॅक्टिकल तसंच राहिलं. पाणीसुद्धा बेसच की, आपली इलेक्ट्रॉनची जोडी देणारं, मोकळी जागा दिसली की आधी तेच जाऊन बसतं. तुझी ती हवाबंद पेटी, ग्लोव्हबॉक्स, चांगली असेल, पण सॉल्व्हंट कधी सुकवलंस, एनएमआर ट्यूब ओव्हनमधून काढून थेट आत नेलीस का, ते लिहून कळव.

तो स्पेक्ट्रम फोटो काढून पाठव, नुसता आकडा नको, सिग्नल बारीक आहे का पसरलाय ते मला बघायचंय. आज रात्री नऊनंतर मी मोकळीच आहे.

तुझी आई
बेळगाव