पित्तनलिकेतल्या स्टेंटची तारीख

संपादक महोदय,

पित्तनलिकेतला खडा १५ मिमीपेक्षा मोठा किंवा त्याखालची नलिका अरुंद असली की ईआरसीपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करतात त्या उपचारात) खडा पकडून ओढणारी नेहमीची तारेची बास्केट अपुरी पडते. कधी खड्यासकट अडकूनच बसते. मग नलिकेच्या मुखाला छोटा छेद देऊन १२ ते २० मिमीच्या फुग्याने ते हळूहळू रुंद करतात. फुगा नलिकेपेक्षा मोठा फुगवला तर ती फाटू शकते; इथे घाई नकोच. तरीही न निघणारा खडा कोलँजिओस्कोपमधून (नलिकेत शिरणाऱ्या बारीक दुर्बिणीतून) पाहत लेसरने फोडता येतो. ती सोय नसेल तर प्लास्टिकचा स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी छोटी नळी) टाकून थांबण्यात कमीपणा नाही. मात्र तो साधारण ३ महिन्यांत काढावा वा बदलावा लागतो. तुंबला की थंडी वाजून ताप, कावीळ आणि जंतुसंसर्ग थेट रक्तात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची वा बदलण्याची तारीख ठळक अक्षरांत का नसावी?

– एक वाचक