सल्लागाराने आधी भीतीबद्दल विचारावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२३ मार्च २०२० चा सोमवार मला आजही लख्ख आठवतो. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला होता. कर्वेनगरात सामसूम होती. सकाळी शेअर बाजार कोसळला, पाऊण तास व्यवहार थांबवावे लागले आणि दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा तिसरा हिस्सा म्युच्युअल फंडात होता. दुपारी घास उतरेना. टिळक रस्त्यावरच्या आमच्या गुंतवणूक सल्लागार बाईंना फोन लावला आणि म्हणालो, ‘मॅडम, सगळं काढून टाका.’

त्यांनी आकडे सांगितले नाहीत, की ‘येईल वर’ असा दिलासाही दिला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘काका, निळ्या फाइलमधला पहिला कागद मला वाचून दाखवा.’ तो त्यांनी २०१८ मध्ये, गुंतवणुकीआधी, माझ्याच अक्षरात लिहून घेतला होता: ‘हे पैसे मला २०२८ पर्यंत लागणार नाहीत. घरखर्चाला पेन्शन आहे. बाजार पडला तर मी घाबरेन. तेव्हा आठ दिवस थांबेन, मगच ठरवेन.’ वाचता वाचता माझा चढलेला आवाज खाली आला. ‘पुढच्या मंगळवारीही काढावंसं वाटलं तर अर्ज मी स्वतः भरून देते,’ त्या म्हणाल्या. मंगळवारी मी काहीच काढलं नाही.

माझ्या मेव्हण्याने मात्र त्याच आठवड्यात सगळं विकलं. त्याच्या सल्लागाराने फोनच उचलला नाही. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने पन्नास हजारांना हात लावला, तेव्हा ‘सगळे घेताहेत’ म्हणून तो पुन्हा शिरला. मी त्याला दोष देत नाही. माझ्याजवळ तो कागद नसता तर मीही हेच केलं असतं.

नोंदणीकृत सल्लागाराने ग्राहकाची जोखीम पेलण्याची तयारी तपासावी, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’चे २०१३ चे नियम सांगतात. पण पुष्कळदा हे काम फॉर्मवरच्या चार खुणांत उरकतं. आणि तेजीच्या दिवसांत ‘मला भीती वाटते’ यावर खूण कोण करणार?

दुसरा अनुभव लोभाचा म्हणा किंवा हट्टाचा. एका कंपनीचे शेअर निम्म्यावर आले होते आणि ‘मुद्दल सुटलं की विकतो’ असं मी तीन वर्षं घोकत होतो. मॅडमनी विचारलं, ‘आज हातात तेवढी रोकड असती तर हेच शेअर घेतले असते?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात विकले.

शहरातल्या सल्लागारांना माझी कळकळीची विनंती आहे: नवा ग्राहक आला की पहिल्याच बैठकीत असा कागद त्याच्या हाताने लिहून घ्या. आणि त्यावर घरच्या माणसाचीही सही घ्या. त्या सोमवारी निळी फाइल कुठल्या कपाटात आहे, हे फक्त माझ्या बायकोलाच ठाऊक होतं.

– एक निवृत्त कर्मचारी, कर्वेनगर, पुणे