बक्षिसाचे पेढे आणि दारावरचं रजिस्टर

माणगाव, रविवार

प्रिय मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बक्षिसाचा फोटो बाबांनी कालपासून कितीजणांना दाखवला ते मोजणं मी सोडून दिलंय. दूधवालाही सुटला नाही. 'रेसिडेंट डॉक्टरांच्या संशोधनात पहिली' एवढं ते सांगतात आणि कोणी विषय विचारला की माझ्याकडे बोट दाखवतात. मग मी सांगते, छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. प्रत्यक्षात किती मिनिटांनी निघतो, ते आमच्या मुलीने आठ महिने मोजलं. तुझी आत्या म्हणाली, "यात संशोधन कसलं? घड्याळच तर बघायचं!" तू शिकायला इमर्जन्सी मेडिसिन घेतलंस तेव्हाही तिने विचारलं होतं, "म्हणजे कॅज्युअल्टीच ना?" तिचंही काय चुकलं म्हणा. इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यताच 2009 मध्ये मिळाली. आमच्या वेळी ज्याची ड्युटी, तो कॅज्युअल्टीचा डॉक्टर.

पण घड्याळ बघण्यावरून मला 1988 ची भातकापणी आठवली. रात्री सात-आठ वर्षांचं पोर आणलं होतं, लाल विंचू चावलेलं. घामाने चिंब, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. अशी मुलं आम्ही पहाटेपर्यंत तोंडाला फेस येऊन जाताना पाहिली होती. ॲट्रोपीन, स्टेरॉइड, जे हाताशी असेल ते द्यायचे. त्या वर्षी मात्र आमच्या मेडिकल ऑफिसरांनी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या लेखाची झेरॉक्स मिळवली होती. लेख 1986 चा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला. औषध प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी उभं राहून त्यांनी तो आम्हा सिस्टरना मराठीत समजावून सांगितला. गोळी दिल्यावर पेशंटला उठवून बसवायचं नाही, प्रेशर एकदम खाली येतं. पाय चाचपायचे आणि वेळ लिहायची. मी रात्रभर लिहीत होते, पाय गार, पाय गार, आणि पहाटे कधीतरी, पाय कोमट. तिसऱ्या दिवशी पोरगा बिस्किट खात घरी गेला.

तेच माझं सीएमई, म्हणजे नोकरीत राहून घ्यायचं पुढचं शिक्षण. ना क्रेडिट पॉइंट, ना जेवणाची कुपनं. तुम्हाला मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 पॉइंट दाखवावे लागतात, ते ठीक आहे. पण परवा फोनवर तू हसत म्हणालीस, सीएमईत जेवणानंतर सह्या करून अर्धा हॉल फिरायला गेला. त्यात तूही होतीस असं मला तुझ्या आवाजावरून वाटलं. मला ते आवडलं नाही. बक्षीस मिळालं म्हणून गप्प बसले.

दुसरंही एक खटकलं. तुझ्या पेपरच्या शेवटच्या, आभाराच्या स्लाइडवर गाइड आहेत, एचओडी म्हणजे विभागप्रमुख आहेत, आकडेमोड करून देणारे सर आहेत. दारावर पेशंट आल्याची वेळ लिहिली कोणी? तू एकटी चोवीस तास तिथे नव्हतीस. रात्री तीन वाजता, समोर दोन अपघात असताना, ज्या सिस्टरने 3.07 लिहिलं, तिने अंदाजाने 3.10 लिहिलं असतं तर तुझा पेपर तिथेच कोसळला असता. ती पोरगी स्लाइडवर नाही.

आणि मी विचारलं, त्या वेळांचं रजिस्टर चालू आहे ना, तर म्हणालीस, "डेटा पूर्ण झाला, आई." म्हणजे आता वेळ कोणी बघत नाही? बावस्करांचं पुढचं तुला माहीत असेल, तरी सांगते. ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, तिच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर पेशंट आणखी लवकर सुधारतो का, हे त्यांनी स्वतःच महाडला 70 रुग्णांवर तपासलं. सुधारतो, असं निघालं. ते 2011 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, पहिल्या लेखानंतर पंचवीस वर्षांनी. त्यांना काय, गोळी लागू पडली म्हणून बसता आलं असतं. तुझ्याकडे तर अजून फक्त उशीर मोजून झालाय. तो कमी कुठे झाला?

रागावले नाही गं. वाचताना तसं वाटलं तर दोनदा वाच.

शेजारच्या सुनीलबरोबर पेढे पाठवतेय. पहिला पुडा रात्रपाळीच्या सिस्टरना आणि ईसीजी काढणाऱ्या मामांना. उरले तर एचओडींना. रजिस्टर परत सुरू केलंस की त्याच्या पानाचा फोटो पाठव. बक्षिसाचा नको, तो बाबांकडे आहे.

तुझी,
आई